ह्यांचा डावा पाय

३ एप्रिल २०११, रविवार
चर्चला पुन्हा उशीर. हे बाथरूममध्ये गीतं म्हणत बसले. म्हटलं, निम्मी उपासना घरीच उरकता. तर म्हणे, "मोशेबाई, दहा आज्ञा हातात घेऊनच उठता का?" मी नियमाची पक्की, म्हणून आज्ञा आणणाऱ्या मोशेवरून लग्न झाल्यापासून हेच चिडवणं. मला हसू येतं, पण दाखवत नाही.
१७ला प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षरस. त्याआधी पाय धुण्याची रीत, आमच्या मंडळीत नवरा-बायको एकमेकांचे धुतात. येताना हे हळूच, "या वेळी मी नुसता बसतो." का? "देव मन बघतो गं, पाय नाही."

६ एप्रिल
अजून धुसफुसते आहे. हे प्रार्थनेत रडतात. मी डोळे मिटून कुकरच्या शिट्ट्या मोजते. पण उपास, कमाईचा दशांश, रविवार, काही चुकवत नाही. ह्यांचा प्रभूवर जीव, माझी शिस्त. दोघांचा मिळून एक ख्रिस्ती माणूस होईल बहुतेक.
म्हटलं, प्रभूने स्वतः शिष्यांचे पाय धुतले, तुम्हीही धुवा म्हणाला. एवढं प्रेम आहे तर ऐका की त्याचं. "बघू."
घरात मोजे घालून फिरतात. पनवेलच्या एप्रिलात! विचारलं तर फरशी गार लागते म्हणे.

१७ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

हे शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मी हट्टाने टब घेऊन त्यांच्यासमोर. कोमट पाणी, खांद्यावर टॉवेल. त्यांनी पाय मागे घेतला, मी मोजा ओढला. आधी वास आला. डाव्या अंगठ्याशेजारचं बोट काळंनिळं, खाली जखम. हे कानाशी, "रागावू नकोस."
शुगर ह्यांनाही आहे, आणि ह्यांच्या वडिलांचा पाय शुगरपायीच गुडघ्याखालून काढला होता. तीच भीती. मला सांगितलं तर मी डॉक्टरकडे नेणार, आणि डॉक्टर म्हणजे...
पाणी लावलंच नाही. पाय टॉवेलात गुंडाळला. प्रभुभोजन दोघांचंही राहिलं. रिक्षाने थेट सुकापूरच्या दवाखान्यात.
एका छताखाली राहून मला दिसलं नाही. रीत नसती तर कधी दिसलं असतं?

१९ एप्रिल
डॉक्टर म्हणतात, औषधांना थोडे दिवस देऊ. उतार नाही पडला तर बोट काढायचं. पसरलं तर पाय. हे बाहेर येऊन माझ्यासाठीच पाण्याची बाटली शोधत बसले. वेडा माणूस.
नर्स आपटा गावची. पट्टी कशी करायची ते दाखवलं. "काकी, दोन टाइम. चुकवायची नाय हां. आमी रोज बघतो, लोक दोन दिवसांत कंटालतात."

२६ एप्रिल
आज लाइट नव्हती, घामाच्या धारा, डोकं दुखत होतं. हे लहान मुलासारखे, "दुखतंय, उद्या कर." खरं लिहायचं तर मनात प्रेम शोधून सापडलं नसतं. तरी खाली बसले, पाय मांडीवर घेतला. पुसता पुसता घोट्याजवळचा तीळ दिसला. लग्नाच्या हळदीत पाटावर उभे होते तेव्हा पाहिलेला. राग कधी उतरला कळलं नाही.
प्रेम आधी की आज्ञा आधी, कोण जाणे. माझं तरी हातामागून येतं. ह्यांचं आधी डोळ्यांत येतं. हे त्यांना सांगितलं नाही. म्हणतील, मोशेबाई प्रवचनं द्यायला लागल्या.

१ मे, रविवार
उद्या डॉक्टर ठरवणार. जखमेची कड लाल दिसते. चांगलं की वाईट, मला समजत नाही. फार भीती वाटते.
चर्चला नाही गेलो, घरीच प्रार्थना. नंतर ह्यांनी टब मागितला. पट्टीसाठी म्हणून आणला. "तू बस खुर्चीत." स्वतः पाटावर, डावा पाय लांब पसरून. वाकता येत नव्हतं, तरी माझे पाय पाण्यात घेतले. टाचांच्या भेगांवरून अंगठा फिरवत गीत म्हणत होते, सूर नेहमीसारखा चुकत. "सतरा तारखेचं राहिलं होतं ना."
मी रडले. प्रार्थनेत कधी न रडणारी मी.
पुसून झाले तरी पाय सोडेनात. म्हणाले, "पुढच्या प्रभुभोजनाला माझे पाय तूच धुवायचे हं. एक असो की दोन."
हो म्हटलं. पट्टीची वेळ झाली, उठते.