आईला उठायचंय

प्रिय माकडा,

सकाळपासून दोन ओळी खरडते, उठते, खिडकीशी जाते, परत येते. बूड एका जागी टेकत नाही.

तुझ्या जिम्नॅस्टिकच्या वर्गाचा फोटो पाहिला. रिंगांना लोंबकळणारी ती चिमुरडी पोरं! हेवा वाटला, सांगूनच टाकते. आपली भांडणं आठवतात ना? मी म्हणायचे, वजनांचा बार डोक्यावर गेला की ती ताकद, बाकी सगळं झूट. तू म्हणायचीस, आधी स्वतःचं वजन उचलून दाखव. शेजारचा बॉडीबिल्डर अंगाला तेल चोपडून आरशासमोर दंड फुगवायचा, त्याला हसताना मात्र आपलं एकमत. आई तिघांनाही वेड्यात काढायची. तुझ्या हातांवर चालण्याला ती सगळ्यांसमोर माकडचाळे म्हणाली आणि तू जी रुसून गेलीस, ती गेलीसच.

परवा आई स्वयंपाकघरात पडली. हाड मोडलेलं नाही, घाबरू नकोस. पण मी कामावरून येईपर्यंत बिचारी फरशीवरच होती. मी ऐटीत वाकले. अगं, तिच्या दुप्पट वजन मी रोज उचलते! पण बारला धरायला जागा असते, तो कण्हत नाही. काखेत धरलं तर कळवळली, कमरेला धरलं तर निसटली. शेवटी कशीबशी खुर्चीत ठेवली, तर रडायलाच लागली. म्हणाली, मला पोत्यासारखं उचलू नकोस.

तेव्हापासून ती खुर्ची सोडत नाही. बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणीसुद्धा पीत नाही. मी कामावर, जीव सगळा घरी. डॉक्टर म्हणतात, पायांत जोर आहे, जमिनीवरून उठायला शिकवा, नाहीतर ती अशीच बसून राहील. मी शिकवायला गेले: पाठ ताठ, टाचा रोव, लाव जोर! तिनं असं काही पाहिलं की मी मागेच सरले. कुशीवर वळायचं, हातांवर भार घ्यायचा, गुडघा पुढे आणायचा, हे मला नाही गं शिकवता येत. मी जन्मभर दुसरंच काहीतरी उचलत आले.

फोनवर आईचं नाव काढलं की तू ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. काल तिला विचारलं, दिवसभरासाठी बाई ठेवू का? नको म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, धाकटीला विचार, ती शिकवेल का मला. स्वतःहून म्हणाली, तुझी शपथ. आज तिनं माझ्याकडून टेबल बाजूला सरकवून घेतलं, खाली सतरंजी अंथरून घेतली, आणि आता दाराकडे बघत बसली आहे.

तुझीच,
हात टेकलेली ताई