गेटवरचं भाषण

सोम., ३ नोव्हें.
कोपरी. इंटरव्ह्यू. समोर दोन पोरं, माझ्या भाच्याच्या वयाची. "मॅडम, स्वतःबद्दल सांगा." सांगितलं. पर्चेसमधली सगळी वर्षं. आणि शेवटी सवयीने तोंडातून गेलंच, "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते." एकाने टाळ्या वाजवल्या. दुसरा खाली बघून हसला. कळवतो म्हणाले. नाही कळवणार.

गुरु., ६
नाहीच कळवलं.
जाहिरात वाचली: "आमची कंपनी म्हणजे एक कुटुंब." कुटुंब! मला काढलं त्या दिवशी वॉचमनने पर्स तपासली होती. कुठल्या घरात तपासतात? हे नवऱ्याला ऐकवलं. सतीश म्हणतो, "अगं, हळू. मी एकटाच आहे इथे, सभा नाहीये."
हल्ली श्रोता एकच, तोही चहा पिता पिता.

बुध., १२
बाळकुम. काम पर्चेसचंच. एचआरच्या बाईंना सगळं पटलं. मग दार लोटून घेतलं. "तुमचं गेटवरचं भाषण आमच्या ग्रुपवर आलेलं. छान बोलता हं. पण फेसबुकवर टाकलंय ना कोणीतरी, ते काढायला लावा. सोमवारी कळवा, लेटर देते."
डोंबिवलीतल्या जुन्या कंपनीचं गेट. पॅकिंगच्या कंत्राटी बायकांना भर दुपारी घरी पाठवलं, म्हणून बोलले. त्यांना परत घेतलं, मला काढलं. कॉलेजपासून किती व्यासपीठं गाजवली. बोलून खरंच काही घडलं ते तेवढं एकदाच.

शुक्र., १४
नाही म्हणायचं. ठरलं. वाक्यंही जुळवली: ज्या नोकरीची पहिली अट गप्प बसणं, ती नोकरी...
सतीश एवढंच म्हणाला, "आणि त्यानंतर?"
त्यानंतरचं वाक्य नाही माझ्याकडे. काढल्यापासून लेटर हा शब्द पहिल्यांदा कोणी उच्चारला.

रवि., १६
सुनीताला फोन. पॅकिंगमधलीच ती, व्हिडिओ तिनेच टाकलेला. सांगणार होते, काही झालं तरी काढू नकोस.
"अहो ताई, तो कधीच काढला! सुपरवायझर बोलला, इथे राहायचंय ना? तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. रागावलात?"
नाही म्हटलं. तिच्यावर कशी रागावू? पण कोणावर तरी...
सतीश खूश. "मग मिटलंच की! खोटंही बोलायला नको."
खरंच नको. नुसतं "काढलंय" म्हणायचं. नकार द्यायचा होता तो माझा मला. तेवढंही उरलं नाही. इतकी पुस्तकं वाचली, याला काय म्हणतात ते कुठे सापडत नाही.
उद्या बाळकुमहून बाई "हॅलो" म्हणाल्या की मी...