आमचं गॅसमुक्त घर

१ ऑक्टोबर २०१२
संकल्प: दसऱ्याच्या आत घर गॅसमुक्त. सबसिडीचे सिलिंडर आता वर्षाला सहाच मिळणार. कुसुम चौदा वर्षं क्लासच्या मुलींची मेस चालवते आहे, पण बाईला प्लॅनिंग नाही. मेसला चार दिवस सुट्टी देऊन ती नांदेडला बहिणीकडे गेली आहे. हीच वेळ योग्य. कनेक्शन सरेंडर केलं, शेगडी भंगारवाल्याला दिली. एजन्सीतल्या माणसानं दोनदा विचारलं, घरी विचारलंत का. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या माणसाला हा प्रश्न.

३ ऑक्टोबर
दोन इंडक्शन आणले. चुंबक चिकटेल तेच भांडं यावर चालतं. फ्रिजवरचं चुंबक काढून सगळी भांडी तपासली. चारच भांड्यांना चिकटलं. त्यातला एक तवा, तोही खोलगट. बाकी सगळं पितळ नाहीतर ॲल्युमिनियम. हरकत नाही, कुसुमला नवी भांडी आवडतातच.

५ ऑक्टोबर
कुसुम आली. स्वयंपाकघरात शेगडी होती त्या ओट्यावरून हात फिरवला. म्हणजे पसंत पडलं. पुन्हा भूकंप झाला तर गॅस धोक्याचा, वीज सेफ, असं तिला समजावलं. ती म्हणाली, त्र्याण्णवला सगळ्यात आधी लाईटच गेली होती. मुद्दा भावनिक आहे.

६ ऑक्टोबर
भाकरी फुगत नाही. शेवटी ती जाळावर टाकावी लागते म्हणे, आणि जाळच नाही. तवा डुलतो, इंडक्शन टुंयटुंय करून बंद पडतो. मुलींना भात दिला. देवणीची वैष्णवी म्हणाली, काका, भातानं क्लासमध्ये लई झोप यायलीय. भात हलका असतो, हे मी तिला सांगितलं. बारावी सायन्सच्या मुलीला एवढं माहीत असायला हवं.

९ ऑक्टोबर
पहाटे दोन्ही इंडक्शन आणि बोअरची मोटर एकदम लावली. फ्यूज उडाला. तो बसवेपर्यंत भारनियमन सुरू, साडेआठपर्यंत. आठही मुली उपाशी क्लासला गेल्या. टेस्टमध्ये वैष्णवीला चक्कर आली. दुपारी तिच्या वडिलांचा फोन. पोरगी डॉक्टर व्हावी म्हणून धाडली, उपाशी बसायला न्हाई. पुन्हा असं झालं तर साऱ्या पोरींची मेस दुसरीकडं लावतो, म्हणाले. कुसुम मान खाली घालून ऐकत होती. रात्री ती जेवली नाही. मलाही घास गेला नाही. पण दोष विजेचा आहे, योजनेचा नाही.

१० ऑक्टोबर
पहाटेच कुसुम पिठाची परात घेऊन शेजारी गेली. तिथं धोंडप्पा किराणावाले राहतात. त्यांच्या नीलाबाईंशी तिचं चांगलं जमतं. रुसली असावी. येईल दुपारपर्यंत.

१२ ऑक्टोबर
गॅस एजन्सीत सहज चक्कर मारली. माघार नव्हे, चौकशी. नव्या कनेक्शनला मोठी यादी आहे, उन्हाळ्यानंतर बघू, असं तो माणूस म्हणाला. मला नकोच आहे, असं त्याला बजावून आलो.

१५ ऑक्टोबर
यश. दोन दिवस झाले, ताटात भाकरी टम्म फुगलेली, वर काळे ठिपके. कुसुमला टेक्निक जमलं. इंडक्शनला हात लावून पाहिला, गार. हेच तर त्याचं वैशिष्ट्य. मीटरही जेमतेम फिरतो. याबद्दल पेपरला पत्र लिहिणार.

१८ ऑक्टोबर
कुसुम पहाटे जाते ती दुपारी येते. संध्याकाळी पुन्हा तेच. गप्पा फार वाढल्यात. मुली जेवायला येत नाहीत, परीक्षा जवळ आली असणार. माझं ताट तेवढं झाकून ठेवलेलं असतं. घरात फोडणीचा वास नाही, कुकरची शिट्टी नाही. करमत नाही. पत्र राहिलं.

२१ ऑक्टोबर
कुसुमला बोलवायला धोंडप्पांकडे गेलो. मागच्या पडवीत आठही मुलींची पंगत. वैष्णवी हसत हसत तिसरी भाकरी मागत होती. गॅसपाशी कुसुम आणि नीलाबाई. नीलाबाई म्हणाल्या, या की भाऊ, बसा, हितं जाळाला कमी न्हाई. कुसुमनं वर पाहिलं नाही. ती घामाघूम झाली होती आणि खुशीत होती. आमच्या स्वयंपाकघरात तिला इतकं खुशीत कधी पाहिलं, ते आठवेना. फार वाईट वाटलं. तिथंच जेवलो.

२४ ऑक्टोबर, दसरा
कुसुमला सांगितलं, उन्हाळ्यानंतर कनेक्शन येईल, तेव्हा मेस परत घरी आण. ती म्हणाली, मेस आता तिकडंच, आम्हा दोघींची. ताट आणून झाकून ठेवणं आता जमायचं नाही. मग तिनं विचारलं, तुमचा डबा एका वेळचा का दोन वेळचा? मेसला येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला ती आधी हेच विचारते, एक वेळ का दोन वेळ.
दोन्ही वेळचा, म्हणालो.
डबा धुऊन आणायचा, ती म्हणाली.