उद्या काढायची ओळ

सोमवार, ३ मार्च. सकाळी ८.२०
आजपासून रोज लिहिणार. तात्पुरत्या नोकरीचा शेवटचा महिना. ३१ तारखेला लॅबच्या मॅडम ठरवणार, कायम की घरी. अख्ख्या लॅबमध्ये माझ्याइतकं काटेकोर कोणी नाही, त्यामुळे काळजी नाही. कॅलेंडरवर ३१ भोवती तीनदा गोल केला, तो नुसता पेन चालतो का बघायला.

संध्याकाळी
रिपोर्ट देण्याच्या खिडकीवरच्या माझ्या कॉम्प्युटरमध्ये रक्ताचे रिपोर्ट उघडेनात. कारण मीच शोधलं. त्याला दोन वायरी आहेत, एक लॅबच्या आतल्या नेटवर्कची, एक बाहेरच्या इंटरनेटची. रिपोर्टच्या सर्व्हरचं नाव टाकलं की तो त्या नावाचा नंबर कोणाला तरी विचारतो. नंबर सांगणारा तो डीएनएस. दोन वायरी, दोन सांगणारे. आमचा हा आधी बाहेरच्याला विचारतो. बाहेरचा म्हणतो, या नावाचं कोणी नाही. झालं, हा गप्प. आतल्याला विचारतच नाही. एकदा नाही ऐकलं की पुन्हा तोंड उघडायचं नाही, अगदी आमच्या आईसारखं.
रांग वाढत होती, म्हणून होस्ट्स नावाच्या फाइलमध्ये नाव आणि नंबर हातानेच लिहिला. कॉम्प्युटर सगळ्यात आधी तिथे बघतो. शेजारी टीप टाकली: तात्पुरते. उद्या काढणे. चाललं. एवढ्याशा गोष्टीची माझ्या कामाच्या वहीत नोंद कशाला?

मंगळवार, ४ मार्च
सेटिंगमध्ये आतल्या डीएनएसला पहिला मान दिला. रिपोर्ट पटकन उघडला. पहिल्याच झटक्यात! तारीख, वेळ टाकून वहीत नोंद. मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, चालतंय ना? मग आता हात लावू नकोस. त्यांची कौतुकाची पद्धत.
आज आणखी काहीतरी करायचं होतं. आठवत नाही. महत्त्वाचं असतं तर वहीत असतं.

सोमवार, १० मार्च
काल सुट्टीच्या दिवशी वायरमन काकांनी सर्व्हर वरच्या मजल्यावर हलवला. सकाळी म्हणाले, ताई, सर्व्हरचा नंबर बदललाय, कुठे हाताने लिहून ठेवला असेल तर खोडा. मी म्हटलं, काका, हाताने नंबर लिहिणं हे जुन्या लोकांचं काम, आमचं सगळं सेटिंगमध्ये असतं. ते हसले, म्हणाले, बरं बाई, आम्ही जुने.

१०.४०
रिपोर्ट उघडेना. त्यांची वायर. दुसरं काय असणार?

मंगळवार, ११ मार्च
आतला पहिला, बाहेरचा दुसरा: नाही. उलट: नाही. बाहेरची वायरच काढली: तरी नाही. सात प्रयोग, सातही वहीत. काका म्हणतात, बाकीच्या चारही मशिनी चालतायत, वायर एकट्या तुमच्यावरच कशी रुसली? नाचता येईना अंगण वाकडं, असं ते बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. वाचता येतं मला. आमच्या घरात वाचता येणारी मी पहिलीच.

गुरुवार, १३ मार्च
एका बाईंना मुलाच्या रिपोर्टसाठी तिसऱ्यांदा परत पाठवलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
मॅडमनी लेखी खुलासा मागितला. दोन पानं दिली. निव्वळ सत्य. आठ तारखेपर्यंत चालत होतं, नऊला काकांनी काम केलं, दहापासून बंद. कोणावर आरोप नाही. तारखाच बोलत असतील तर मी काय करू?
बाबांना वाचून दाखवला. म्हणाले, पोरीने लिहिलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

सोमवार, १७ मार्च
काकांचं काम काढून घेतलं. त्यांच्या जागी उद्या दुसरी कोणी येणार. जाताना पिशवी खांद्यावर घेऊन खिडकीशी थांबले. म्हणाले, ताई, ती फाइल तेवढी एकदा बघा. कुठली फाइल, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला माहीत नाही असं त्यांना वाटलं असतं.
खरं तर आत्ता आठवली. पण कॉम्प्युटर बंद करून निघाले होते.

मंगळवार, १८ मार्च
पंधरा मिनिटं लवकर जाणार होते. वेळेवर पोचले. ती आधीच आलेली. माझ्याच वयाची. खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. उभ्या उभ्या होस्ट्स फाइल उघडली. सर्व्हरचा जुना नंबर, आणि शेजारची टीप तिने मोठ्याने वाचली: तात्पुरते. उद्या काढणे.
मॅडमनी विचारलं, हे कोणी लिहिलंय?
टाइप केलेल्याला हस्ताक्षर नसतं. मी म्हटलं, माहीत नाही.
ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मॅडम म्हणाल्या, त्या वायरमनचंच काम असणार. ओळ पुसली, रिपोर्ट उघडला. मला पुन्हा कोणी विचारलं नाही. एकदा नाही म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही.
वहीत नोंद: दोष दूर झाला.

सोमवार, ३१ मार्च
कायम झाले. आदेशात लिहिलंय, नोंदी ठेवण्यातला प्रामाणिकपणा लक्षात घेऊन. आईने कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला, मग म्हणाली, वाच. वाचला. एका शब्दाला अडखळले. आई म्हणाली, अवघड आहे का गं? मी म्हटलं, हो.
वहीत लिहून ठेवलंय: काकांना फोन करून खरं सांगणे. उद्या.