ओवे गावातली खोली

प्रिय ओवेस,

सलाम आणि दुआ. मी ठीक आहे. नशराला सांग, रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर घेतो. शुक्रवारी नमाजनंतर कब्रस्तानात जाऊन येतो. तुझ्या अम्मीच्या कबरीवर तू लावलेले सब्ज्याचे रोप रुजले आहे. तू दफनाला पोचू शकला नाहीस, ते मनाला लावून घेऊ नकोस. उन्हाळ्याचे दिवस होते, थांबता आले नसते.

अम्मी गेल्यापासून ओवे गावातली तिच्या संस्थेची खोली मीच उघडतो. तिथे जमणाऱ्या बायकांसमोर मला बोलता येत नाही. सतरंजी अंथरतो, माठ भरतो आणि कोपऱ्यात बसतो. सरकारी कचेरीत अर्ज कसा द्यायचा हे शिकवायची अम्मीची रीत त्यांनी चालू ठेवली आहे. एकीने साहेब व्हायचे, दुसरीने अर्ज द्यायचा आणि शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत टेबलासमोरून हलायचे नाही. त्यांच्यातली भामा साहेब झाली की कुणाची डाळ शिजत नाही. अनुदान देणाऱ्या परदेशी संस्थेची माणसे काम पाहायला आली होती, तेव्हा त्यांनाही तिने “साहेब जेवाला गेलंत, उद्या या” म्हणून दारातच उभे केले. अम्मी ते आठवून कितीतरी दिवस हसत होती.

ते अनुदान बंद झाले हे तुला माहीत आहे. दुसऱ्या देशांत लोकशाहीच्या, नागरिकांच्या कामांना पैसा द्यायचाच नाही, असे त्यांच्या सरकारने ठरवले. पाठोपाठ आपल्या संस्थेला परदेशी पैसा घेण्याची जी परवानगी होती, तिचेही नूतनीकरण झाले नाही. तेव्हापासून खोलीचे भाडे आणि अर्ज लिहून देणाऱ्या मुबीनाचा पगार तू पाठवतोस त्यावरच भागतो. पनवेलमध्ये मी बऱ्याच ओळखीच्यांकडे जाऊन आलो. चहा सगळ्यांनी दिला. मशिदीला, मंदिराला लोक देतात. कारखान्याविरुद्ध बोलणाऱ्या बायकांना कोण देणार?

तळोज्यातल्या एका रासायनिक कारखान्याला वाढ हवी आहे. त्यावर दिवाळीनंतर जनसुनावणी आहे. संध्याकाळी वास सुटला की भामाच्या नातवाला धाप लागते. तिला तिथे उभे राहून हे सांगायचे आहे, कागदांसकट. परवा मी तिला म्हणालो, खोली बंद करावी लागेल. ती म्हणाली, “भाई, भाभी गेली म्हनून आमी काय आता मुक्या बसू?”

तुला तिकडच्या नागरिकत्वाच्या समारंभाचे बोलावणे आल्याचे नशराने कळवले. मलाही आनंद आहे. पण आपले हिशेब पाहणारे उदयसिंह म्हणतात, आज तू भारताचा नागरिक आहेस म्हणून चालते, पण तिकडची शपथ घेतलीस की कायद्याने तुझा पैसा परदेशी ठरेल आणि संस्थेला घेता येणार नाही. माझ्या नावावर मागवून मी द्यायचा, तर ती पळवाट होईल आणि एका तक्रारीत संस्थाच जाईल. म्हणून हे पत्र. सुनावणी होईपर्यंत शपथ पुढे ढकलता येईल का? नशराला दिवस गेले आहेत, तुमची घाई मला कळते. अम्मीने हे तुझ्याकडे मागू दिले नसते. पण ती खोली बंद झाली, तर सकाळी उठून मी कुठे जाऊ, हे मला कळत नाही. जमणार नसेल तर तसे लिही. फोन करू नकोस. फोनवर मी काही हरकत नाही म्हणेन.

तुझाच,
अब्बा