एक तास अडतीस

२ डिसें. ७४, सोम.

नवे मॅनेजर साहेब येऊन आठवडा झाला. आज सकाळी भोंग्यापासून सरकी काढायच्या सहा जिनांसमोर उभे. एक गठाण पुरी होईल एवढी रुई निघायला २ तास ५५ मि. लागली, भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे. लगेच निकाल: बाया सुस्त आहेत, सहापैकी तिघी १ जानेवारीपासून बंद, त्यांच्या जागी तरण्या आणू.

एका गठाणीवरून सहा बायांचं भविष्य. आमच्या शेलूबाजारात बैल घेतानासुद्धा माणूस तो दोनदा चालवून बघतो.

मी म्हणालो, साहेब, एकदा मोजून कळत नाही. आधी नीट मोजू, मग काय सुधारायचं ते ठरवू. टाइमकीपरने तोंड उघडलं याचंच त्यांना नवल. म्हणाले, मोजा. दोन आठवडे दिले.

तोंड का उघडलं ते इथे लिहायला हरकत नाही. चौथ्या जिनवर अक्का आहे, माझी थोरली बहीण. तिच्या हातच्या कापसावर मी मॅट्रिक झालो. तिघीत पहिलं नाव तिचंच असणार, वय बेचाळीस.

३ डिसें.

मोजायचं कुठून कुठवर? दिवसभर यातच गेला. साहेबांनी भोंग्यापासून धरलं. पण भोंगा झाल्यावर इंजिन गरम होऊन पट्ट्याला जोर यायला वीस मिनिटं जातात, तोवर बाया हात बांधून बसलेल्या. ती वीस मि. पण त्यांच्याच नावावर.

ठरवलं ते असं. पहिल्या जिनमध्ये पहिली मूठ पडली की सुरू. काट्यावर गठाणीची रुई भरली की बंद. प्रेसचा वेळ वेगळा. रोज प्रत्येक गठाण, आवडली ती नाही. आणि शेवटी शेऱ्याचा रकाना: कापूस कसा, हवा कशी, काय बिघडलं.

रहीमचाचा (फिटर, जिनइतकाच जुना) वही बघून हसला. "बाबू, पहले घडी तो देख लो."

४ डिसें.

देखली. देखली नसती तर बरं झालं असतं.

सकाळी सातला रेडिओच्या ठोक्यावर भिंतीचं घड्याळ लावतो, चार वर्षं रोज. आज माझं मनगटी पण लावलं. संध्याकाळी भिंतीचं अकरा मिनिटं मागे. इंजिन त्याच भिंतीला लागून आहे, भिंत थरथरते, लंबक अडखळतो. सकाळी मागे दिसायचं ते जुनं म्हणून पुढे करायचो, संध्याकाळी कधी ताडून पाहिलं नाही.

म्हणजे साहेबांचे २-५५ खरे २-५८. घड्याळाची चूक सुधारली तर साहेबांचीच बाजू जड. तेही वहीत लिहिलं. मोजायचं तर आपल्या विरुद्ध जाईल तेही लिहायचं.

पण सुटीचा भोंगा त्याच घड्याळावर. रोज अकरा मि. उशिरा. चार हंगाम. आणि भोंगा देणारा मी.

५ डिसें.

साहेबांना घड्याळाचं सांगितलं. म्हणाले, असू द्या, लावलेलं घड्याळ हलवू नका. अकरा मिनिटं कुणाच्या पदरात पडतात ते त्यांना माझ्याआधी समजलं.

घरी जाताना अक्काला सांगितलं. वाटलं, चिडेल. ती चालता चालता म्हणाली, "आमाले मालूम हाये. खिडकीतून उन दिसते ना. उन खांबावर गेलं का सुटी व्हाले पायजे."

मग मला सांगितलं का नाही? तर, "तू घड्याळवाला. तुले काय सांगाचं."

बायकोने वाढलेलं जेवण तसंच सारलं.

६ डिसें., शुक्र.

आमच्या वस्तीत आजचा दिवस शोकाचा. सकाळी विहारात वंदना, पांढरी लुगडी तशीच घालून बाया कामावर. सुटी मागितली होती, मिळाली नाही. पंधरा मि. उशीर. साहेबांनी दारातच मला हाक मारली: हे लिहा, हे लिहा. लिहिलं. माझी मोजणी पहिल्या मुठीपासून, त्यामुळे त्यात काही फरक पडला नाही. पहिली गठाण २-४६.

७ डिसें., शनि.

आज काहीतरी हाताला लागलं.

पहिली गठाण २-४८. दुसरी २-१०. त्याच बाया, तीच जिनं, तेच हात. काल, परवा पण असंच. बाया सुस्त असत्या तर सकाळी ताज्या असताना सुस्त आणि दुपारी थकल्यावर चपळ कशा?

कापूस उघड्या यार्डात. डिसेंबरचं दव. सकाळी ढिगातली मूठ दाबली, तळवा ओला. ओला कापूस रोलर धरत नाही, सरकी सोडत नाही. उन्हं चढली की सुटतो. एवढं साधं. उंटावरच्या शहाण्याला खाली उतरून मूठभर कापूस दाबता आला नाही.

९ डिसें.

रहीमचाचाने पट्टा दाखवला. घसरतो. राळ लावून ताणून दिला. मी म्हटलं, आज एवढंच, बाकी काही बदलू नका, नाहीतर कशाने काय झालं ते समजायचं नाही. तो म्हणाला, "शादी के पहले लड़की भी इतनी नहीं देखी थी हमने." दुसरी गठाण २-०६. चार मि. पट्ट्याची असावीत. एका दिवसावर म्हणणार नाही.

१० डिसें., मंगळ.

आजवर ऑफिसच्या खिडकीतून मोजायचो. तिथून पाचवं-सहावं जिन दिसत नाही, मधे काम कुठे थांबतं ते समजत नाही. म्हणून आज घड्याळ हातात घेऊन सरळ जिनांसमोर उभा राहिलो.

दुसरी गठाण १-३८!

दोनदा पाहिलं. रुई परत काट्यावर चढवली, वजन बरोबर. अक्काचे हात तर दिसतच नव्हते. म्हणे सुस्त! छाती भरून आली. वहीत लाल पेन्सिलीने खाली दोन रेघा मारल्या. या आकड्यापुढे साहेब काय बोलतात बघू.

तिसरी गठाण २-३१. पट्टा पुन्हा सैल झाला असणार. दारातला पाण्याचा माठ दुपारी बघितला तर काठोकाठ भरलेला. थंडी आहे.

१२ डिसें.

खिडकीतूनच मोजलं. दुसरी गठाण काल २-०७, आज २-०५. पट्टा घट्टच आहे, सैल झालाच नव्हता असं चाचा म्हणतो. मग मंगळवारची तिसरी २-३१ कशी? आणि १-३८ पुन्हा का येत नाही?

ते रीडिंग बाकीच्यांत बसत नाही. खरं तर त्याच्यापुढे शेऱ्यात 'संशय' लिहायला हवं. नाही लिहिलं. लाल रेघा चांगल्या दिसतात.

१४ डिसें., शनि.

दोन दिवस पहिल्या गठाणीपुरता कापूस आदल्या संध्याकाळी शेडमध्ये, ताडपत्रीखाली. पहिली गठाण काल २-१४, आज २-११. एका ताडपत्रीने अर्धा तास. कुणाला काढायची गरज नाही, कुणाला आणायची नाही.

आज मी खूश आहे. हे लिहून ठेवतो, अशी वेळ थोडी येते.

१६ डिसें., सोम.

साहेबांपुढे वही ठेवली. दव, पट्टा, इंजिन, ताडपत्री, सगळं क्रमाने सांगितलं. ते पानं उलटत होते. बोट लाल रेघांवर थांबलं.

"हे काय?"

मी सांगितलं, तो एकच दिवस, बाकी सगळे दोन तासांच्या वर. मधला आकडा धरायचा असतो साहेब, टोकाचा नाही.

"एकदा झालं म्हणजे होतं. रोज का होत नाही? मी सुस्त म्हणत होतो, तुम्ही पुराव्यानिशी दाखवलंत. शाबास."

शाबास. पहिल्या दिवशी एका गठाणीवरून बाया सुस्त ठरल्या, तेव्हा मी शहाणपणा शिकवला. पंधरा दिवस मोजून मी त्यांना दुसरी एक गठाण नेऊन दिली.

ताडपत्रीबद्दल म्हणाले, चांगली कल्पना आहे, तीही करू.

१७ डिसें.

जिनांसमोर फळा लागला: एक गठाण, १ तास ३८ मि. अक्षर माझंच, मलाच लिहायला लावलं. महिनाअखेर ज्यांचा हात त्या वेगाला पोचणार नाही त्यांना जानेवारीपासून येऊ नका सांगणार. तिघींचा आकडा पण गेला. आता सहाही आल्या त्यात.

रहीमचाचा फळ्यापुढे उभा राहून म्हणाला, "आ बैल मुझे मार." बस, एवढंच. दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही.

दोन नंबरची शांता फळा वाचून दाखव म्हणाली. वाचून दाखवला. आजची गठाण १-५२. तिची तान्ही पोरगी लिंबाखाली झोळीत, सकाळपासून रडत होती.

१९ डिसें.

अक्का तीन दिवस बोलली नाही. वाटेने पुढे चालते, मी मागे.

साहेबांना वहीची स्वच्छ प्रत हवी, मालकाला अकोल्याला पाठवायची. शेऱ्याचा रकाना नको म्हणाले. मालक गोष्टी वाचत नाहीत, आकडे वाचतात. खाली माझी सही, टाइमकीपर म्हणून. सोमवारी सकाळी टेबलावर.

आजची गठाण १-४९. चौथ्या जिनवर रोलरजवळ अक्काची बोटं. मी खिडकीतून बाजूला झालो.

२० डिसें., शुक्र.

वस्तीत कुणी म्हणालं, टाइमकीपरच्या दारात जाऊन विचारा. अक्काने नको म्हटलं म्हणे, आपलेच दात अन् आपलेच ओट. हे बायकोने सांगितलं तेव्हा राहवलं नाही. कामावरून परस्पर तिच्या घरी गेलो. ती ज्वारी निवडत होती. बस म्हणाली नाही, मी बसलो.

मी सगळं सांगत सुटलो. दव, पट्टा, मधला आकडा. तुमच्यासाठीच केलं. ते १-३८ कसं आलं तेच मला समजत नाही, पुन्हा एकदाही आलं नाही.

तिने सूप खाली ठेवलं.

"तू समोर येऊन उभा राह्यला ना घड्याळ घेऊन. आमाले वाटलं, सायबानं पाठवलं, आज निकाल हाये. पानी प्यायले एकबी उठली नाई. शांता पोरीले पाजाले गेली नाई, तिची चोळी वली झाली होती. मंग दुपारी हात चालत होते का कोनाचे?"

तिने सूप पुन्हा हातात घेतलं.

"पंधरा दिस मोजून राह्यला. सारं मोजलं. मले इचारलं काहून नाई, नामा?"

माठ भरलेला होता. मी पाहिला होता, लिहिलाही होता, इथेच, याच वहीत. थंडी आहे असं लिहिलं.

दव मला दिसलं, कारण ते कापसावर होतं. माझं उभं राहणं मला दिसलं नाही. मी घड्याळाचीसुद्धा चूक काढली होती, लंबकाची. आणि इथे मीच ती भिंत थरथरवत होतो.

निघताना अक्का म्हणाली, चहा घे. घेतला. आधी बोलत नव्हती ते बरं होतं.

२२ डिसें., रवि., सकाळ

इंजिन बंद. भिंतीचं घड्याळ आज बरोबर चालत असेल.

बायको मुलांना घेऊन शिरपूरला माहेरी गेली आहे. स्वच्छ प्रत लिहायला बसलो. तारीख, गठाण, सुरू, बंद, एकूण. पाच रकाने, साहेबांनी सांगितले तेवढेच. अक्षर चांगलं आलं. दहा तारखेच्या ओळीवर आलो आणि थांबलो.

तो आकडा गाळता येतो. गाळला तर साहेबांकडे फळा आहे, आणि माझी मोजणी खोटी ठरते, मग ताडपत्रीही खोटी. ठेवला तर सहा जणी. सही न करावी तर दुसरा कुणी प्रत काढेल, आणि मी टाइमकीपर राहणार नाही. घरी चार तोंडं.

मग पट्टी घेतली आणि सहावा रकाना आखला. वर लिहिलं, शेरा. इतर ओळींपुढे जे होतं ते उतरवलं: दव, पट्टा, ताडपत्री, वंदना. रोजचे अकरा मि. पण घातले.

दहा तारखेपुढे: 'मोजणारा समोर उभा. भीतीने कुणी पाणी प्यायलं नाही. मूल पाजलं नाही. तिसरी गठाण २-३१. हे रीडिंग धरू नये. चूक मोजणाऱ्याची.'

शाई वाळली. साहेब ही प्रत बघता बघता फाडतील, किंवा कात्रीने तेवढा रकाना कापून उरलेली अकोल्याला पाठवतील. सही आकड्यांच्या खाली केली तर शेरा कापूनही ती आकड्यांखाली राहते. म्हणून शेऱ्याच्या रकान्यात, त्या ओळीच्या अगदी खाली जागा ठेवली आहे.

अजून केलेली नाही. उद्या सातला रेडिओ, मग घड्याळ लावणं, मग भोंगा.