हिरवी पट्टी

३ मार्च
पोहोचले! नाईलकाठचं हे गाव लहानपणी बोटीतून पाहिलं होतं. आज इथली नर्स म्हणून उतरले. आंब्याखाली मदतपथकाचा पांढरा तंबू, तोच दवाखाना; आत गावातला एकुलता एक फ्रिज. माझं इन्सुलिन त्यातच ठेवलं. स्वयंपाकीण अयांग हसून म्हणाली, सुया टोचणारी म्हातारी स्वतःच सुया टोचून घेते! ज्वारीची पेज नि सुकी मासळी. जेवणाआधी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवलेली प्रार्थना म्हटली. किती वर्षांनी घरी आल्यासारखं वाटलं.

९ मार्च
मुलांच्या दंडाला पट्टी लावून मापं घेतली. लाल म्हणजे उपासमार, हिरवं म्हणजे बरं. सगळी हिरवी, चार वर्षांची न्यावेलो तेवढी लाल. शेंगदाण्याच्या लगद्याचं पाकीट रोज मिळतं, तरी दंड काटकीसारखा. पथकप्रमुख म्हणाले, हे शेवटचं मूल सुधारलं की आणीबाणी संपली, तंबू उठवायचा. मग दवाखाना कोण चालवणार? ते आमचं काम नाही, म्हणाले.

१४ मार्च
पाकीट न्यावेलोच्या तोंडी जातच नाही. तिची आजी ते काढून घेते. मी ओरडले. ती शांतपणे म्हणाली, बाई, सुनेचे दिवस भरत आलेत, अयांगच्या नवऱ्याला टीबी. तंबू गेला तर गोळ्या तू देणार? गावानं मिळून ठरवलंय, एक मूल लाल ठेवायचं. न्यावेलोच्या आधी दुसरं मूल होतं. ते कुठंय, विचारलं. जमलेल्या बायका आंब्यामागच्या मातीच्या ढिगाकडे बघू लागल्या.

२० एप्रिल
न्यावेलोला लपवून भरवते. मांडीवर बसून खाते, मलाच आजी म्हणते. प्रार्थना पाठ झाली तिला. पट्टी पिवळ्यावर आली. बायका माझ्याशी बोलत नाहीत. अयांग पेज वाढताना म्हणाली, भरव, भरव. तुझ्या इन्सुलिनच्या बाटल्या उन्हात ठेव मग.

६ मे
प्रमुख आले. फ्रिजला दोर बांधून तयार. न्यावेलोनं हसत हात पुढे केला. हिरवी — मी पट्टी घट्ट ओढली. आणखी ओढली. दुखतंय गं आजी, म्हणाली. मी म्हटलं, लाल.

७ मे
अयांगनं दुप्पट पेज वाढली. प्रमुखांना शंका आलीय — पुढच्या वेळी मापं ते स्वतः घेणार. तोवर खरोखरच लाल —
न्यावेलोची आजी पाकीट मागायला आली. मी दिलं.

१९ मे
न्यावेलो तंबूच्या दारात बसलीय. जेवणाआधीची प्रार्थना म्हणते. संपली की पुन्हा पहिल्यापासून — तिला वाटतं नीट म्हटली की मी भरवीन — आता नुसते ओठ हलतात —